मराठी ख्रिस्ती परंपरा: काही माणसे, काही प्रसंग

बडोद्यात राहणाऱ्या प्रत्येकाने फत्तेगंजातली जुनी चर्चेस बाहेरून पाहिलेली असतात. नाताळात तिथली रोषणाई पाहायला आपण मुलांना घेऊनही जातो. पण एकाच भागात मेथॉडिस्टांचे वेगळे आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे वेगळे चर्च का, कॅथलिकांचे रोझरी चर्च आणखी निराळे का, हे मुलांनी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकांना नीट सांगता येत नाही. आणि या साऱ्या इतिहासाचा आपल्या मराठीशी काय संबंध, हा प्रश्न तर सहसा मनातच येत नाही.

संबंध आहे, आणि चांगलाच जवळचा आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहतो आणि मराठी टिकावी म्हणून धडपडतो. गेल्या दोनशे वर्षांत काही मराठी माणसांनी याहून कठीण परीक्षा दिली. त्यांनी धर्म बदलला, त्यापायी घर, जात आणि गाव गमावले, तरी मराठी सोडली नाही. उलट तिच्यात अशी भर घातली की ती वजा केली तर आपले वाङ्मय उणे पडेल. या लेखात आम्ही त्या परंपरेची थोडक्यात ओळख करून देत आहोत. कोणता धर्म श्रेष्ठ, हा आमचा विषय नाही. आपल्या भाषेच्या घरात कोण कोण राहून गेले आणि आजही राहते, एवढेच सांगायचे आहे.

बडोद्यातील खुणा

सुरुवात आपल्या गावापासून करू. मार्च १८२५ मध्ये कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनाल्ड हेबर बडोद्याला आले. तेव्हा गादीवर दुसरे सयाजीराव होते. गायकवाड दरबारात त्यांचे आगतस्वागत झाले आणि छावणीतील नव्या चर्चचा संस्कारविधी त्यांच्या हस्ते पार पडला. हे चर्च इंग्रज लष्करी अधिकारी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी होते. बडोद्याहून पुढे जाताना, २६ मार्चला, नडियादजवळ हेबर आणि सहजानंद स्वामी यांची भेट झाली. स्वामिनारायण संप्रदायाच्या इतिहासात ही भेट आजही सांगितली जाते.

स्थानिक लोकांमध्ये ख्रिस्ती समाज वाढला तो यानंतर बऱ्याच काळाने. त्याचे एक मोठे कारण म्हणजे संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनियो’ दुष्काळ. गुजराती शेजाऱ्यांच्या तोंडी हा शब्द आपण ऐकलेला असतो. माणसे आणि गुरे रस्त्यावर मरत होती. त्या दिवसांत मिशनांनी अनाथ मुलांना आसरा दिला, अन्न दिले. चरोतर आणि बडोदे भागातील अनेक ख्रिस्ती घराण्यांची सुरुवात त्या काळापाशी पोहोचते. बडोद्यात मुख्यतः अमेरिकन मेथॉडिस्टांचे काम होते. पाद्री तयार करण्याची त्यांची शाळाही इथे चालत असे. हा समाज बहुतांशी गुजराती बोलणारा आहे.

आता चर्चेस निरनिराळी का, याचे उत्तर. ख्रिस्ती धर्मात पंथ अनेक, आणि युरोप-अमेरिकेतून आलेल्या प्रत्येक पंथाने इथे आपापले मिशन उघडले. स्वातंत्र्यानंतर, परदेशातले जुने भेद आपण इथे का वागवायचे, असा विचार इथल्या ख्रिस्ती लोकांत बळावला. बरीच वर्षे चर्चा चालली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट वगैरे सहा मंडळ्यांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. अमेरिकन परंपरेतील मेथॉडिस्ट मात्र शेवटच्या टप्प्यात बाहेर राहिले. म्हणून आजही दोन पाट्या दिसतात. कॅथलिकांची व्यवस्था पूर्वीपासूनच स्वतंत्र. त्यांचा बडोदे धर्मप्रांत १९६६ साली झाला.

आपल्या तिसऱ्या सयाजीरावांचाही इथे उल्लेख केला पाहिजे. धर्मांचा अभ्यास व्हावा, पण तो तौलनिक दृष्टीने आणि शांत डोक्याने व्हावा, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्यांनी बडोदे कॉलेजात तौलनिक धर्माभ्यासाची सोय केली आणि इंग्लंडहून आल्बन विजरी या प्राध्यापकांना आणले. विजरी यांचे या विषयावरील पुस्तक १९२२ साली बडोद्यातच प्रसिद्ध झाले. एखाद्या संस्थानात असा विषय शिकवला जाणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. हा लेखही आम्ही त्याच वळणाने लिहू पाहतो.

खिळे, छापखाना आणि पंचांग

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभ तसा फार जुना. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आधुनिक काळाची सुरुवात होते ती महाराष्ट्रापासून दूर, बंगालमध्ये.

विल्यम केरी हा इंग्लंडमधील एक चांभारकाम करणारा माणूस १७९३ साली बंगालमध्ये आला. पुढे सेरामपूर येथे त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी छापखाना घातला. केरी महाराष्ट्रात कधी राहिला नाही. वैजनाथ पंडितांच्या मदतीने तो मराठी शिकला, १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली कोश. त्या कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत आहेत. गायकवाडी दफ्तरातली मोडी वाचणारी माणसे ज्यांच्या घरात होती, त्यांना यातले महत्त्व लगेच कळेल. हाताने झरझर लिहायच्या लिपीचे खिळे पाडणे हे मोठे जिकिरीचे काम होते. बायबलच्या भाषांतराबरोबर ‘सिंहासनबत्तिशी’ही तिथेच मराठीत छापली गेली.

मुंबईत फेब्रुवारी १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. मिशनऱ्यांनी लोकांच्या धर्मात ढवळाढवळ केली तर राज्याला धोका, ही भीती होती. त्याच वर्षी कंपनीची सनद नवी झाली आणि मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली. ही ‘अमेरिकन मराठी मिशन’. तिने शाळा काढल्या, १८२४ साली मुंबईत मुलींसाठी शाळा सुरू केली आणि छापखाना चालवला.

या छापखान्याची गोष्ट मोठी मौजेची आहे. तिथे काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १८४१ साली छापील मराठी पंचांग बाजारात आणले. त्याच छापखान्यात थॉमस ग्रॅहम नावाचा कारागीर देवनागरीचे सुबक खिळे पाडत असे. त्याच्या हाताखाली जावजी दादाजी चौधरी हा गरीब मुलगा काम शिकला. या जावजींनी पुढे ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आणि देखण्या आवृत्त्यांसाठी निर्णयसागरचे नाव देशभर झाले. म्हणजे आपल्या आजोबांच्या देवघरातली पोथी ज्या वळणदार अक्षरांत छापलेली होती, त्या अक्षरांची एक मुळी मिशनच्या छापखान्यापर्यंत जाते. मिशनरी आले होते धर्मप्रसारासाठी. त्यांनी आणलेली विद्या मात्र इथल्या लोकांनी आपल्या गरजेप्रमाणे वापरली.

शाळांचेही तसेच. अहमदनगरला मिशनच्या मुलींच्या शाळा सिंथिया फॅरार चालवत. त्या शाळा पाहून जोतीराव फुले यांना आपल्याकडे मुलींची शाळा काढण्याचा विचार सुचला आणि सावित्रीबाईंनी फॅरारबाईंच्या हाताखाली शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. १८४८ मधील पुण्याची शाळा सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामागचा हा धागा कमी ठाऊक असतो.

अहमदनगरलाच जून १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाले. मराठीतल्या सर्वांत जुन्या नियतकालिकांपैकी हे एक. धर्मप्रचाराबरोबर भूगोल, विज्ञान, आरोग्य, स्त्रियांची स्थिती असे विषय त्यात असत. त्यातील हिंदू धर्मावरची टीका पुष्कळदा कडवट असे, हेही सांगितले पाहिजे. तिला उत्तर द्यायला इकडून विष्णुबुवा ब्रह्मचारी उभे राहिले आणि १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी त्यांचे जाहीर वादविवाद रंगले. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे लोकांना समजेल अशा मराठीत मांडावे लागले. मराठी गद्य ताठ उभे राहिले त्यात या भांडणाचाही वाटा आहे.

घरातली फूट

छापखाना आणि शाळा यांचा लाभ सगळ्यांना झाला. पण एखाद्या घरातला मुलगा प्रत्यक्ष ख्रिस्ती झाला की काय होई, ते १८४३ च्या एका प्रकरणावरून कळते.

नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय सुमारे बारा, तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिले. खरा प्रश्न पुढेच उभा राहिला. हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. त्याला जातीत परत घ्यायचे की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, अशी बाजू घेतली. कर्मठांनी कडाडून विरोध केला आणि बाळशास्त्रींना फार मनस्ताप सोसावा लागला. मुलगा घरी परत आला होता, पण दार उघडायचे की नाही यावर सारे शहर भांडत होते. मोठा भाऊ नारायण पुढे पाद्री झाला आणि त्याने जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारली.

बाबा पदमनजी यांचे उदाहरणही असेच. जन्म १८३१, बेळगावचा; बाप्तिस्मा १८५४ साली, तोही बेळगावलाच. त्यांनी १८५७ साली लिहिलेले ‘यमुनापर्यटन’ हे मराठीतील पहिली कादंबरी म्हणून ओळखले जाते. विषय आहे हिंदू विधवांचे हाल. आपल्या धर्मांतराची हकीकत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात सांगितली. म्हणजे मराठी कादंबरीच्या आणि आत्मचरित्राच्या पहिल्या पायऱ्यांवर एक मराठी ख्रिस्ती लेखक उभा आहे.

पंडिता रमाबाई

या परंपरेतील सर्वांत तेजस्वी नाव पंडिता रमाबाईंचे. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीला संस्कृत शिकवले आणि आईने रमेला. तीर्थाटन करत, पुराण सांगत हे कुटुंब हिंडत असे. दुष्काळाच्या दिवसांत आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली. उरलेली दोघे भावंडे पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी तिने लग्न केले. दोन वर्षांच्या आत ती विधवा झाली. पदरात मनोरमा.

१८८२ साली त्या पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला आणि स्त्रियांना डॉक्टरी शिकवा, अशी साक्ष हंटर कमिशनपुढे दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मुलीसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुण्यात वादळ उठले. जोतीराव फुल्यांनी मात्र ‘सत्सार’ या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली.

रमाबाईंनी धर्म स्वीकारला, पण कुणाची ताबेदारी स्वीकारली नाही. इंग्लंडमध्ये त्यांनी शाकाहार सोडला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असा वाद त्या तिथल्या धर्मभगिनींशी घालत. डोळे मिटून सिद्धान्त मान्य करण्याऐवजी प्रश्न विचारत राहिल्या, म्हणून तिकडचे लोकही त्यांच्यावर नाराज झाले. इकडे त्या ‘बाटलेल्या’ आणि तिकडे त्या ‘हट्टी’.

अमेरिकेत १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. पुढच्या वर्षी त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यातून आणि व्याख्यानांतून पैसा उभा केला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. वर्षभराने ते पुण्याला नेले. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांच्याशी पुढे धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. कर्व्यांच्या शिक्षणकार्याचे नाव आपण आदराने घेतो. त्यांच्या घरची गृहिणी सदनात शिकलेली होती.

१८९३ साली सदनावर संकट आले. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, अशी अट होती. रमाबाई आपली प्रार्थना खोलीचे दार उघडे ठेवून करत आणि काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. पालकांची भीती खोटी नव्हती. काही मुलींनी पुढे खरोखरच धर्म बदलला. पण ज्या मुलींना घरात जागा नव्हती त्यांनी जायचे कुठे, याचे उत्तर टीका करणाऱ्या बहुतेकांकडे नव्हते, हेही तितकेच खरे.

त्यानंतर पुणे जिल्ह्यात केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या. छप्पनियो दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्या कार्यकर्त्या आपल्या या गुजरातेत आल्या आणि शेकडो अनाथ मुली आणि विधवा यांना केडगावला घेऊन गेल्या. ज्यांच्यासाठी कुणी रडायलाही उरले नव्हते, अशा गुजराती मुली एका मराठी बाईच्या छत्राखाली वाढल्या, शिकल्या, शेती, विणकाम आणि छपाई करू लागल्या. बडोदेकरांनी हे विसरू नये, असे आम्हाला वाटते.

शेवटची अनेक वर्षे रमाबाईंनी एका कामाला वाहिली. बायबलचे मराठी भाषांतर त्यांना जड आणि संस्कृतप्रचुर वाटे. अडाणी बाईलाही वाचून समजेल असे भाषांतर हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून सगळे बायबल एकटीने मराठीत आणले. संस्कृतवर इतके प्रभुत्व असलेल्या पंडितेने मुद्दाम सोपी मराठी निवडली. मनोरमा १९२१ साली गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ साली ते बाहेर पडले.

टिळक पती-पत्नी

नारायण वामन टिळक हे नाव पाठ्यपुस्तकामुळे परिचयाचे आहे. ‘फुलांमुलांचे कवी’. जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातला. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार भेट दिला. वाचन आणि विचार यात दोन वर्षे गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी सांगितले नाही.

त्या पत्नी म्हणजे लक्ष्मीबाई. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालेल्या, सोवळ्याचा अतिरेक करणाऱ्या वडिलांच्या घरात वाढलेल्या, शाळेचे तोंड न पाहिलेल्या. नवरा जिवंत असून संसार मोडला. नातेवाइकांच्या आसऱ्याने, लहानग्या दत्तूला घेऊन त्यांनी जवळपास पाच वर्षे काढली. त्यानंतर त्या नवऱ्याकडे अहमदनगरला गेल्या, त्याही आपला धर्म पाळण्याच्या अटीवर. वेगळी चूल, वेगळे पाणी. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. माणसामाणसांतले जातीचे भेद देवाने केलेले नाहीत, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९०० साली त्यांनी आपल्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

हे सगळे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले आहे. १९३४ ते १९३६ या काळात हे आत्मचरित्र भागाभागाने प्रसिद्ध झाले. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी गंभीर धार्मिक ग्रंथ समजून दूर ठेवू नये. एवढे हाल सोसलेली बाई इतके हसवते कशी, असा प्रश्न पडतो. विसराळू, संतापी, दानशूर आणि खिशात पैसा न टिकणारा नवरा त्यांनी जसा होता तसा उभा केला आहे. कुणावर राग नाही आणि स्वतःचीही सुटका नाही. भाषा अगदी नाशिककडच्या घरातली.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी वळण दिले. त्यांच्या आधी बरीच गीते इंग्रजी चालींवरची भाषांतरे असत. टिळकांनी अभंग आणि ओवी घेतली, ख्रिस्ती कीर्तने केली. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. त्यांची कितीतरी गीते आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. शेवटी १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी पैसा आणि परदेशी पद्धत यांच्यापासून मोकळा असा इथल्या मातीतला ख्रिस्ती समाज त्यांना हवा होता. ९ मे १९१९ रोजी ते वारले.

एक गोष्ट बडोदेकरांसाठी खास. जळगावला १९०७ साली पहिले कविसंमेलन भरले, त्यामागे टिळकांची मोठी खटपट होती. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. त्याच संमेलनात कोवळ्या त्र्यंबक ठोमरेला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. हा मुलगा पुढे टिळकांच्या घरी राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे सांभाळले. आणि हेच कीर्तिकर १९०९ साली आपल्या बडोद्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लिहायला घेतले होते. दहा-अकरा अध्यायांवर ते राहिले. लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक अध्याय रचले. शाळेत न गेलेल्या बाईने एका नामवंत कवीचे महाकाव्य पुढे नेले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९३८ साली निघाला.

वसईहून उस्मानाबादला

आतापर्यंतची माणसे प्रॉटेस्टंट परंपरेतली. महाराष्ट्रातली जुनी कॅथलिक परंपरा आहे वसईची. पोर्तुगीज अमलात तिथे ख्रिस्ती समाज तयार झाला. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण हा समाज आपल्या गावी, आपल्या वाड्यांत आणि आपल्या बोलीत राहिला. सामवेदी, वाडवळी या बोली तिथल्या घरांत अजून ऐकू येतात.

चर्चमध्ये मात्र लॅटिन चाले. ते बदलले रोममधील एका घटनेने. १९६२ ते १९६५ या काळात पोपच्या नेतृत्वाखाली जगभरच्या बिशपांची दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. उपासना लोकांच्या भाषेत व्हावी आणि इतर धर्मांशी संवाद ठेवावा, असे तिने ठरवले. त्यामुळे वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. रमाबाई आणि टिळक यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले, ती गोष्ट आता रोमनेच मान्य केली.

या वातावरणात तयार झालेले लेखक म्हणजे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२-२०२४), वसईजवळच्या नंदाखालचे. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक अनेक वर्षे संपादित केले, वसईची हिरवाई आणि पाणी वाचवण्यासाठी आंदोलनात उतरले आणि ‘सुबोध बायबल’ लिहिले. त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रमाबाईंचेच सूत्र: सोपी मराठी.

फेब्रुवारी २०१८ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन बडोद्यात भरले, तेव्हाची गडबड आपल्या सर्वांना आठवते. त्यानंतर दोनच वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांच्याकडे आले. ख्रिस्ती धर्मगुरू या पदावर येण्याची ही पहिलीच वेळ. काहींनी विरोध केला. पाद्र्याला मराठीचे अध्यक्षपद का, असे विचारले. संमेलन पार पडले आणि अध्यक्षांचे भाषण लोकांनी ऐकले. श्रीपत शेषाद्रीसाठी दार उघडावे की नाही यावर १८४३ मध्ये शहर भांडले होते. भांडण संपलेले नाही, पण दार आता पुष्कळ रुंद झाले आहे.

आपल्यासाठी काय?

आपल्या मंडळातल्या घरांत आता निरनिराळ्या भाषांच्या आणि धर्मांच्या सुना आणि जावई येत आहेत. मुले परदेशात राहतात. कुणी पूजा करतो, कुणी करत नाही, कुणी आणखी वेगळी वाट धरतो. अशा वेळी आईवडिलांना वाटणारी धास्ती लक्ष्मीबाईंच्या माहेरच्यांना वाटली त्याच जातीची असते: मूल आपले राहील का?

या इतिहासातून आम्हाला एवढे दिसते. जिथे दार लावून घेतले तिथे दोन्ही बाजूंनी माणसे गमावली. जिथे भाषा, गाणे आणि जेवणाचे ताट यांतून थोडीफार ये-जा राहिली, तिथे नाते तगले, आणि कधी कधी ‘स्मृतिचित्रे’सारखे पुस्तक हाती आले. मराठी असण्यासाठी एका देवळाची वर्गणी पुरत नाही आणि ती लागतही नाही. रोज मराठीत बोलावे, वाचावे, रडावे आणि हसावे लागते. आपण गुजरातेत राहून हेच तर करत आलो आहोत.

एक साधी सूचना करतो. या सुट्टीत ‘स्मृतिचित्रे’ घरात आणा आणि रोज रात्री चार पाने मोठ्याने वाचा. आजींना त्यातली भाषा ओळखीची वाटेल आणि नातवंडांना गंमत वाटेल. आणि पुढच्या नाताळात फत्तेगंजला गेलात की रोषणाई पाहून लगेच परत फिरू नका. थोडे थांबा, आणि तिथल्या कुणाशी दोन शब्द बोला. गुजरातीत बोललात तरी चालेल.